टी.एन.एफ., आमवात आणि सुप्त क्षय

न्यूयॉर्क येथे लॉइड ओल्ड व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये उंदरांच्या रक्तद्रवात अर्बुदाचा नाश करणारा घटक दाखविला. त्यावरून ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ (टी.एन.एफ.) हे नाव रूढ झाले. हा घटक प्रामुख्याने मॅक्रोफेज पेशींतून स्रवतो. योग्य मात्रेत तो जंतुसंसर्गापासून रक्षण करतो. दीर्घकाळ स्रवत राहिल्यास शोथ व धातुक्षय घडवितो आणि अर्बुदाच्या वाढीसही साहाय्यभूत ठरू शकतो.

आमवातसदृश ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये सांध्यांतील शोथ शमविण्यासाठी इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिम्युमॅब ही टी.एन.एफ.-रोधक औषधे दिली जातात. परंतु क्षयजंतूंना कोंडून ठेवणारे ग्रॅन्युलोमाचे कडे याच घटकाच्या आधारे टिकते. तो रोखला असता सुप्त क्षय प्रकट होऊ शकतो. इन्फ्लिक्सिमॅबबाबतचा हा धोका २००१ मध्ये ठळकपणे निदर्शनास आला.

म्हणून असा रुग्ण आपल्याकडे आल्यास पूर्वीच्या इंजेक्शनांची चौकशी अवश्य करावी. ज्वर, रात्रिस्वेद वा भारक्षय आढळल्यास केवळ साम अवस्था समजून लंघन-पाचनात कालापव्यय करू नये. असा क्षय पुष्कळदा फुप्फुसाबाहेर असतो. त्यामुळे कास नसला तरी रुग्णास क्षयतपासणीसाठी त्वरित पाठवावे.