पालथे निजविताना घ्यावयाची काळजी

शस्त्रक्रिया म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सुरी आणि टाके उभे राहतात. मुलाला मेजावर कसे निजविणार, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. कणा वाकडा असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र तो अवश्य विचारावा.

कण्याला बाजूकडे बाक येतो त्यास स्कोलिओसिस म्हणतात. मूल ओणवे झाले असता पाठीची एक बाजू उंच दिसते. ग्वाल्हेरात १९४६ पासून गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे; तेव्हा अशी शंका येताच डॉक्टरांना दाखविण्यास विलंब करू नये.

बाक फार वाढल्यास शस्त्रक्रिया सुचवितात. ती बहुधा पाठीकडून होते, म्हणून मुलाला कित्येक तास पालथे ठेवावे लागते. पोटावर दाब आल्यास आतील मोठी नीला दबते, कण्याभोवतीच्या शिरांत रक्त तुंबते आणि रक्तस्राव वाढतो. हे टाळण्यासाठी टोरांटोच्या रेल्टन व हॉल या डॉक्टरांनी १९६७ मध्ये चार गाद्यांची चौकट सुचविली. तीवर छाती व कंबर टेकतात, पोट मोकळे राहते. डोळ्यांवर दाब येऊ न देणे व हात खांद्यापासून फार न ताणणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. नाही तर दृष्टीस किंवा हाताच्या मज्जातंतूंस इजा होऊ शकते.

काही मुलांची छातीही मधोमध खोलगट असते. अशा मुलाला पालथे करताच छातीचे हाड व कणा यांमध्ये हृदय दाबले जाऊन रक्तदाब एकाएकी उतरल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. त्या वेळी मुलाला त्वरित उताणे करणे हाच मुख्य उपाय असतो. धोका आधी ठाऊक असेल, तर हृदयाची तपासणी करून, गाद्या छातीच्या मध्यावर न येतील अशा मांडता येतात.

म्हणून आईबापांनी काही गोष्टी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपण होऊन सांगाव्यात: छातीला खळगा आहे काय, धावताना धाप लागते काय, पालथे निजल्यास जीव घाबरतो काय, हातापायांस मुंग्या येतात काय. पुष्कळदा मुले लाजेने सदरा काढीत नाहीत आणि घरचेही ही गोष्ट झाकून ठेवतात. खोलगट छाती हा काही दोष नव्हे; परंतु ती लपविणे मुलाच्या जिवावर बेतू शकते.