रोड सायकल : आराम कितीला पडतो?

साडेतेरा तासांत 200 किलोमीटर ही बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांची, पहिली पायरी. तिची तयारी करणारे बरेच जण दुकानात शिरताच कार्बन फ्रेमची किंमत विचारतात. पण मान, कंबर आणि तळहात यांना फ्रेम कशाची आहे यापेक्षा ती आपल्या मापाची आहे का, याने जास्त फरक पडतो. म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवा. आकडे ढोबळ आहेत; ब्रँडप्रमाणे मागेपुढे होतील.

फ्रेम : अ‍ॅल्युमिनियमची चांगली रोड सायकल 40 ते 80 हजारांत मिळते, कार्बनसाठी सहसा दीड लाखाच्या आसपास तयारी ठेवावी लागते. ‘एस’, ‘एम’ या अक्षरांवर विसंबू नका, ती कंपनीगणिक बदलतात. मापांच्या तक्त्यात स्टॅक म्हणजे उंची आणि रीच म्हणजे पुढची लांबी पाहा. लांब पल्ल्यासाठी एन्ड्युरन्स फ्रेम बरी. तिचे हँडल रेसिंग फ्रेमपेक्षा उंच आणि जवळ असते. सवलतीत मिळते म्हणून एक माप मोठी फ्रेम घेऊ नका. स्टेम (हँडलला फोर्कशी जोडणारा तुकडा) बदलून एक-दोन सेंटिमीटर सावरता येतात, त्यापुढे नाही.

सीटची उंची : खर्च शून्य. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, जांघेत जाड पुस्तक घट्ट धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला 0.883 ने गुणा. माप 80 सेंटिमीटर आले, तर बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या दांड्या ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत 70.6 सेंटिमीटर ठेवा. ही सुरुवात समजा. गुडघा दुखला तर थोडे-थोडे बदला.

टायर : जोडी 3 ते 7 हजार. 25 ऐवजी 28 मिलिमीटरचे टायर घातले की खड्ड्यांचा मार कमी होतो. आधी फोर्क आणि ब्रेकमध्ये जागा आहे का, ते तपासा. 70 किलोच्या माणसाला 28 च्या टायरमध्ये 70 ते 80 पीएसआय हवा पुरते.

सीट : दीड ते 6 हजार. जाड, मऊ गादी दुकानात छान वाटते, पण तासाभरात टोचू लागते. बसण्याच्या हाडांमधले अंतर मोजून रुंदी ठरवा.

हँडल : खांद्याइतके रुंद असावे. स्टेम 1 ते 3 हजार, बार टेप 500 ते 1,500. स्टेम कोनाचा असेल, तर तो उलटा बसवूनही हँडल फुकटात उंच होते.

बाइक फिट (शरीराच्या मापाप्रमाणे सायकल जुळवून घेणे) : 3 ते 10 हजार. खरेदीआधी करून घ्या आणि पुन्हा तपासणीचे वेगळे पैसे पडतात का, ते विचारा.

22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरील जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे. पक्के बिल मागा.

खिशात 60 हजार असतील, तर सायकल 45 हजारांची घ्या. उरलेल्यांतले 5 हजार फिटला, 5 टायरला, 3 सीटला आणि 2 स्टेम-टेपला ठेवा. 60 हजारांच्या बेमापाच्या सायकलपेक्षा ही अधिक लांब नेईल.