महेश्वरचा वाडा पाहताना

इंदूरहून महेश्वरला सहलीला गेलात की आधी किल्ल्यातला अहिल्याबाई होळकरांचा वाडा नीट पाहा. १७६७ ते १७९५ या काळात माळव्याचा कारभार पाहणाऱ्या बाईंची गादी अगदी साधी, जमिनीलगत आहे. लाकडी खांबांची ओसरीही तशीच साधी. वाड्याच्या एका भागाची डागडुजी करून होळकर वंशजांनी तिथे अतिथिगृह सुरू केले. वापर राहिला, म्हणून भिंतीही राहिल्या.

मग नर्मदेचा घाट उतरा. दगडात कोरलेली नक्षी महेश्वरी साडीच्या काठावर शोधा आणि वहीत काढा.

पालकांना विनंती, सहलीचे टिपण मुलांकडून मराठीतच लिहून घ्यावे. न वापरलेला वाडा ढासळतो, तशीच न लिहिलेली भाषाही.