सोबत आलेली बाई

मोहाडी तालुक्यात चौतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून हिंडले. आता निवृत्त आहे. महिला दिन जवळ आला की कुठून तरी बोलावणं येतं, शाल-श्रीफळ मिळतं आणि मी माझ्या धाडसाच्या चार गोष्टी सांगून घरी येते. खाली लिहितेय ते त्या भाषणांत कधी आलं नाही.

१. भल्यासाठी लिहिलेलं खोटं फार टिकाऊ निघतं. १९८८ चा श्रावण. रोवणी आटोपली होती. एकोणीस वर्षांची एक पोर, लग्न झालेलं नाही आणि दिवस भरत आलेले. गावात सांगितलं, नागपूरला मामीकडे शिवण शिकायला चालली. एसटीने भंडारा, तिथून नागपूर. एका संस्थेच्या कचेरीत जाडजूड नोंदवही पुढे आली. नावाच्या रकान्यात मी माझ्या धाकट्या बहिणीचं नाव लिहिलं, आडनाव मनाने बसवलं. गाव लिहिलं गोंदिया. तेव्हा गोंदिया आमच्याच भंडारा जिल्ह्यात होतं. म्हणजे खोटंसुद्धा मी जिल्ह्याबाहेर जाऊ दिलं नाही. परतीच्या एसटीत मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

२. खोटं लिहिताना माणूस सावध असतो, खरं मात्र हाताच्या सवयीने लिहून जातो. त्या ओळीत शेवटचा रकाना होता, ‘सोबत आलेली व्यक्ती’. नोकरीत रोज दहा रजिस्टरं भरायची सवय. मी झोकात खरी सही ठोकली. पस्तीस वर्षांनी बाल संरक्षण कक्षातून फोन आला, “बाई, ही सही तुमचीच ना?” मोबाइलवर फोटो आला. माझंच अक्षर, माझीच लांब शेपटीची सही. स्वीडनमध्ये वाढलेला पस्तिशीचा एक माणूस तो कागद घेऊन आला होता. आधी चार दिवस तो गोंदियातच फिरला होता, दुकानादुकानांत नाव विचारत. माझ्या एका शब्दापायी चार दिवस! बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे मला एक मोठा मुलगा आहे आणि तू आत्ता सांगतेस?” आम्ही दोघी खूप हसलो. मग तिनेच विचारलं, “जेवला-खाल्ला असेल ना गं तो तिथे?”

३. लपवणं ही एके काळी मोठीच दया होती, हे मी अजूनही मानते. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते विधवांना गुपचूप बाळंत होता यावं म्हणूनच. नाहीतर पोराच्या गळ्याला नख आणि आईच्या नशिबी काळं पाणी. पंढरपुरात प्रार्थना समाजाचा बालकाश्रम १८७५ पासूनचा. नागपुरात कमलाताई होस्पेट, स्वतः बालविधवा, परिचारिका झाल्या आणि १९२१ साली त्यांनी मातृसेवा संघ सुरू केला. या मंडळींच्या पुण्याईवर मी माझं खोटं उभं केलं होतं. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली. १८७४ साली फुल्यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, यशवंत. तो कुणाचा, हे त्यांनी दडवलं नाही. १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत भाऊबंदांनी त्याच्या हक्काला हरकत घेतली, तर सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः हाती धरलं. पुढे तो डॉक्टर झाला, प्लेगच्या साथीत रोगी तपासत राहिला. म्हणजे गुप्तता आईसाठी होती, बाळंतपणापुरती. मी ती मुलाच्या जन्मभरासाठी लावून टाकली.

४. मला वाटायचं, घरी काही कमी पडलेला माणूसच मागे वळून पाहतो. मग नेदरलँड्समधल्या हेमस्टेडचे महापौर फाल्गुन बिनेनडाइक यांच्याबद्दल पेपरात वाचलं. १० फेब्रुवारी १९८५ ला नागपुरात जन्म, मातृसेवा संघात काही दिवस, मग डच आईवडील. सुखाने वाढलेला, संसारात रमलेला, महापौर झालेला माणूस आणि तरी नागपुरात येऊन आईचा शोध घेतो, स्वतःला कर्ण आणि तिला कुंती म्हणतो. फाल्गुन हे नाव संघातल्या नर्सबाईने महिन्यावरून ठेवलेलं. मी आपली जुनी पंचांगं काढून बसले. आपल्याकडे त्या दिवशी माघातला वद्य पक्ष चालू होता. उत्तरेकडच्या पंचांगात मात्र फाल्गुन लागलेला. मग ती नर्सबाई हिंदी मुलखातली असेल का? घरात कॅलेंडर कुठलं लावत असेल? अख्खी दुपार माझी त्यात गेली, आणि हा माणूस माझा कोणी नव्हे. ज्याचं ते नाव आहे, त्याच्या किती दुपारी गेल्या असतील!

५. उपमा देण्याआधी ज्याची उपमा द्यायची त्याला विचारावं. आम्ही धानाच्या पट्ट्यातले. एका भाषणात मी म्हटलं, पऱ्हे एका बांधीत टाकतात, उपटून दुसऱ्या बांधीत रोवतात, तेव्हाच धान जोमाने येतं, दत्तकाचंही तसंच. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एक कॉलेजातली मुलगी जवळ आली. “मॅडम, मी दत्तक आहे. पऱ्हे उपटताना मुळं तुटतात, ते तुम्ही सांगितलं नाही.” मी काहीतरी पुटपुटले. ती उपमा मी आता वापरत नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून भाषणंच जरा आखूड झाली आहेत.

६. कायद्याला आम्ही नावं ठेवत आलो, पण या बाबतीत तो माझ्यापेक्षा शहाणा निघाला. आता बालकल्याण समितीपुढे मूल सोपवल्यावरही आईला फेरविचाराला दोन महिने मिळतात. मूल अठरा वर्षांचं झालं की आपल्या मुळाचा शोध घ्यायला स्वतः अर्ज करू शकतं. त्याच्या वतीने तिसऱ्याच कुणाला हा शोध घेता येत नाही. आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तिला विचारल्याशिवाय ते उघड करायचं नाही. म्हणजे दोघांनाही जागा ठेवलेली आहे. त्या पोरीला मी किती वेळ दिला होता? माझी रजा संपत होती. पाचव्या दिवशी सही-अंगठा उरकून मी तिला एसटीत बसवलं. मौद्यापर्यंत तिने पदर दोनदा बदलला. दूध झिरपत होतं. मी खिडकीबाहेर पाहत होते.

७. ज्या रकान्याची कधी गरजच भासली नाही, तोही लक्षात राहतो. त्या नोंदवहीत बापाचं नाव मला कुणी विचारलं नाही, आणि मला ते माहीत होतं. तो गावातच राहिला. लग्न झालं, ट्रॅक्टर आला, भजनी मंडळात टाळ धरू लागला. त्याच्या घरच्या बारशाला मी जेवले आहे, वर आहेर करून. पोरीचं नाव बदललं, गाव बदललं. त्याचं काहीच बदलावं लागलं नाही. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी लागतं. चांगलंच झालं. पण मला आठवतो तो टाळाचा आवाज.

८. खरं लिहायला चारच ओळी लागतात, वेळ मात्र पस्तीस वर्षांचा लागू शकतो. कक्षातल्या मॅडम म्हणाल्या, घरी कागद जायला नको, तुम्ही ओळखीच्या आहात, तुम्हीच विचारून बघा. नवरात्रात चौंडेश्वरीचा प्रसाद द्यायचं निमित्त करून गेले. ती पोर आता आजी आहे. अंगणात सुपात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. सून आत गेल्यावर मी हळूच सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. खडा काढला, बाजूला टाकला, पुन्हा खडा काढला. मग म्हणाली, “मेली म्हनून सांगा जी त्याले.”

पूर्वीची मी असते तर तेच कळवलं असतं, वर तारीखही घातली असती. या वेळी घरी येऊन लिहिलं, “ती आहे. प्रकृती बरी आहे. आज भेटायची तिची तयारी नाही. तयारी झाली तर कळवीन.” नाव नाही, गाव नाही. खाली माझी सही, शेपटीसकट.

तीन आठवड्यांनी रात्री फोन वाजला. नातीच्या मोबाइलवरून, दबक्या आवाजात. मागे टीव्हीवर मालिका चालू होती.

“बाई, त्याले मराठी येते का?”

मी म्हटलं, “नाही गं.”

बराच वेळ नुसती मालिकाच ऐकू येत होती.

“मंग मी काय बोलू जी त्याच्यासंग?”