संक्रांतीचे शुभेच्छापत्र : ठशांच्या नक्षीचा पाठ

इयत्ता : चौथी. तासिका : तीन.

प्रयोजन. हस्तव्यवसायाच्या तासाला होणाऱ्या पुष्कळशा वस्तू भिंतीवर लागतात आणि वर्षअखेर रद्दीत जातात. शुभेच्छापत्राचे तसे नाही. ते कोणास तरी पाठवावयाचे असते. म्हणून त्याचे माप, नक्षी व मजकूर या तिन्हींना अर्थ येतो. मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. त्या वेळी उसाचा गळीत हंगाम ऐन भरात असतो. बीड जिल्ह्यातील अनेक गावांतून मुलांचे आईवडील तोडणीसाठी दूर गेलेले असतात. वर्गातील काही मुलेही त्यांच्यासवे गेलेली असतात. या पाठातील पत्रे प्रथम त्यांना जावीत.

साहित्य. जाड व पातळ पांढरा कागद, पट्टी, पेन्सिल, कात्री, भेंडी, गेरू, हळद, डिंकाचे पाणी, जुने सुती कापड आणि खळ. विकतचा नक्षीदार कागद आणू नये. नक्षी मुलांच्या हातूनच उमटावी. खळ गव्हाच्या पिठाची, मंद आंचेवर शिजविलेली असावी. ती टिकावी म्हणून मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. परंतु मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या कामात ते वर्ज्य समजावे. खळ ताजी करून त्याच दिवशी संपवावी.

पहिली तासिका : आखणी. चार मुलांचा एक गट करावा. प्रत्येक गटाने पातळ कागदाचा २४ × १६ से. मी. तुकडा घेऊन त्यावर २ से. मी. बाजूचे चौरस फिकट रेषांनी आखावेत. चौरस किती होतील, हे आखण्यापूर्वी मुलांना विचारावे. एका बाजूस १२ व दुसऱ्या बाजूस ८, म्हणजे एकूण ९६ चौरस होतात. एकाआड एक चौरसात ठसा द्यावयाचा असेल तर ठसे ४८ लागतील, हेही मुलांनीच सांगावे.

दुसरी तासिका : ठसे. गेरू व हळद निरनिराळ्या ताटल्यांत डिंकाच्या पाण्यात कालवून त्यांत कापडाची घडी भिजवावी. भेंडी आडवी कापून तिचा चिकटपणा पुसावा, ती घडीवर टेकवून कागदावर सरळ दाबावी व सरळ उचलावी. चांदणीसारखा ठसा उमटतो. रंग फार झाल्यास तो पसरतो. म्हणून पहिला ठसा रद्दी कागदावर घ्यावा. भेंडी न मिळाल्यास बटाट्यावर साधा आकार कोरावा; सुरीचे काम शिक्षकाच्या नजरेखालीच व्हावे. हळदीचा रंग उन्हात उडतो, यास्तव कागद सावलीत वाळवावेत.

तिसरी तासिका : जोडणी व मजकूर. वाळलेल्या कागदाचे १२ × ८ से. मी. चे चार तुकडे करून प्रत्येकास एक द्यावा. जाड कागद २० × १४ से. मी. कापून मधोमध दुमडावा. दर्शनी बाजू १४ × १० से. मी. होते. चारी बाजूंस १ से. मी. समास सोडून नक्षीचा तुकडा पातळ खळीने चिकटवावा आणि पत्र रात्रभर पुस्तकांच्या दाबाखाली ठेवावे. नाहीतर ते वाकते.

मजकूर फळ्यावर लिहून देऊ नये. दिल्यास सर्व पत्रे एकसारखी होतात. आईला गावातील कोणती गोष्ट कळावीशी वाटते, एवढेच विचारावे. शेळी व्याली, आजीचा खोकला थांबला, हा मजकूर उत्तमच होय. बाहेरगावी गेलेल्या वर्गबंधूस वर्ग कोणत्या धड्यापर्यंत आला आणि त्याची जागा कोणती राखली आहे, ते लिहावे. पत्र ज्याच्या हाती पडेल त्यास वाचता येत नसेल, तर आतील बाजूस चित्र काढावे. कोणास लिहावे, हे मुलानेच ठरवावे. आईवडिलांचे छत्र नसलेले मूल वर्गात असू शकते, याचा शिक्षकास विसर पडू नये.

पोहोच. तोडणीची टोळी फडाफडाने हलते. कोपीचा पत्ता कायम नसतो. म्हणून पाकिटावर साखर कारखान्याचे व मुकादमाचे नाव घालावे आणि तिकडे जाणाऱ्या माणसाच्या हाती पत्रे एकत्र द्यावीत. ती पोहोचली की नाही याची चौकशी शिक्षकाने आठवडाभरात करून मुलांस सांगावे. सर्वांत सुबक पत्र प्रदर्शनासाठी ठेवून घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. तेही ज्याचे त्यास जावे.