महाड पायी पाहताना : इतिहासाचा एक पाठ

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात महाडच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात. २० मार्च १९२७, चवदार तळे, सत्याग्रह आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परीक्षेत एका गुणाचा प्रश्न येतो, विद्यार्थी तो अचूक सोडवितात आणि पान उलटले जाते. परंतु एखादा विद्यार्थी जेव्हा विचारतो, "सर, तळ्याचे पाणी पिण्यासाठी परिषद कशाला भरवावी लागली?" तेव्हा त्या दोन-चार ओळी अपुऱ्या पडतात. या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर लिहून देण्यापेक्षा ते गावात चालत जाऊन शोधावे, असे आम्हांस वाटते. म्हणून स्मरणिकेच्या या पानांतून आमचे माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांना आम्ही महाडच्या पायी फेरीवर नेऊ इच्छितो.

महाड हे रायगड जिल्ह्यातील, सावित्री नदीच्या काठी वसलेले तालुक्याचे लहानसे गाव. या जिल्ह्याचे जुने नाव कुलाबा. रायगड किल्ला येथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. मुंबई–गोवा महामार्गावरून जाणारे बहुतेक प्रवासी एक तर किल्ल्याकडे वळतात किंवा पुढे कोकणात निघून जातात. गावात उतरून चालणारे थोडेच. वास्तविक, दोन हजार वर्षांचा इतिहास एका दिवसाच्या चालीत वाचता यावा, अशी गावे महाराष्ट्रात फार नाहीत.

पहिला थांबा : गांधारपाले लेणी

फेरीचा आरंभ आम्ही गावात करीत नाही. गावाबाहेर, महामार्गालगतच्या डोंगरात कोरलेल्या गांधारपाले लेण्यांत करतो. पायऱ्या चढून वर गेल्यावर सुमारे तीस लेण्यांचा समूह दिसतो. स्तंभयुक्त ओसरी, सभामंडप, भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या, बसण्या-निजण्यासाठी कोरलेले दगडी ओटे, स्तूप आणि पाण्याची टाकी. येथे ब्राह्मी लिपीतील प्राकृत शिलालेख आहे. कुमार काणभोअ व्हेणुपालित याने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याची टाकी दान दिल्याची नोंद त्यात आहे. लिपीवरून हा लेख इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील मानला जातो.

या लेखातील एका शब्दापाशी आम्ही विद्यार्थ्यांना थांबवितो. दान देणाऱ्याने निवासाबरोबर पाण्याचीही मोजदाद केली आहे. भिक्षुसंघात नाना कुळांतून आलेली माणसे होती. तथागतांच्या संघात न्हावी उपालीही होता आणि सफाईचे काम करणारा सुनीतही होता. संघात प्रवेश करणाऱ्याचे पूर्वीचे कुळ गळून पडते. नद्या समुद्राला मिळाल्यावर त्यांची वेगळी नावे उरत नाहीत, तसे. म्हणजे या डोंगरातील टाक्यांचे पाणी घेताना कोणी कोणाची जात विचारीत नव्हते. लेण्यांतून खाली पाहिले की नदीचे खोरे आणि त्यापलीकडे महाड गाव दिसते. त्याच गावातील एका तळ्यावर पुढे माणसांना पाणी नाकारले गेले. मधल्या शतकांत काय घडले, हा प्रश्न मनात घेऊनच डोंगर उतरावा.

दुसरा थांबा : सावित्रीचा काठ

पूर्वी महाडचे मोठेपण या नदीमुळे होते. बाणकोटच्या खाडीतून गलबते वर येत, माल उतरे, आणि घाटमाथ्याकडे बैलांच्या पाठीवरून जाई. सन १७९६ मध्ये पुण्याच्या राजकारणातून बाहेर पडलेल्या नाना फडणीसांनी महाडचा आश्रय घेतला होता आणि त्यांच्या पुनरागमनाचे करारमदार येथूनच झाले. व्यापाराचे ठिकाण म्हणजे आठवड्याच्या बाजाराचे ठिकाण. आसपासच्या खेड्यांतील महार, चांभार मंडळी सरपण, गवत, वहाणा विकावयास आणि कचेरीच्या कामास महाडला येत. दिवसभर उन्हात राबावे आणि तहान मात्र घरी नेऊन भागवावी, अशी त्यांची अवस्था होती.

याच परिसराने आपल्या चळवळीला आरंभीची माणसे दिली. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. अस्पृश्यतेला शास्त्राधार कोणता, असा लेखी प्रश्न त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजधुरिणांना विचारला. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांना ते रुचले नाही. पुढच्या पिढीतील रामचंद्र बाबाजी मोरे हे याच तालुक्यातले. शिष्यवृत्ती मिळवूनही अस्पृश्य म्हणून त्यांना महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारण्यात आला. तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाने वृत्तपत्राला पत्र लिहून या अन्यायाला वाचा फोडली आणि प्रवेश मिळविला. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आमच्या मुलांना हा प्रसंग आम्ही आवर्जून सांगतो. महाडच्या १९२७ च्या परिषदेचे मुख्य संयोजक हेच मोरे होत.

तिसरा थांबा : परिषदेची जागा आणि वीरेश्वर

सत्याग्रहाची मुळे कायद्यात आहेत, हे येथे उभे राहून समजावून घ्यावे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तेथे पाणी घेता आले नाही.

हा कागद रस्त्यावर आणण्यासाठी १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. स्वागताध्यक्ष संभाजी तुकाराम गायकवाड होते. अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे आणि नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस हे सवर्ण समाजातील सहकारी बरोबर होते. परिषदेला जमलेल्या हजारो माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. गावात तळे भरलेले असताना पाणी विकत घ्यावे लागणे, या एकाच नोंदीत आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

गावचे प्रमुख देवस्थान वीरेश्वर. महाशिवरात्रीनंतरच्या त्याच्या छबिन्याला पंचक्रोशी लोटते. या मंदिराचे नाव सत्याग्रहाच्या इतिहासात वेगळ्या कारणाने आले आहे, ते पुढे येईलच.

चौथा थांबा : चवदार तळे

'चवदार' म्हणजे चवीचे. पावसाच्या व झऱ्यांच्या पाण्यावर भरणारे, चार-पाच एकरांचे हे तळे. भोवती रस्ता आणि रस्त्याच्या कडेला घरे. बाहेरगावचा कोणीही येथे पाणी पिऊ शके. मुसलमान, ख्रिस्ती कोणालाही मज्जाव नव्हता. गुरेढोरेही पीत. मज्जाव होता तो फक्त अस्पृश्य माणसाला.

२० मार्चच्या सकाळी परिषदेच्या मंडपातून चार-चारांच्या रांगेने मिरवणूक निघाली. शिस्तीने बाजारपेठेतून चालत ती तळ्यावर आली. प्रथम बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. मागोमाग हजारो ओंजळी पाण्यात गेल्या. त्या वेळी बाबासाहेबांचे वय छत्तिशीच्या उंबरठ्यावर होते.

येथे आम्ही मुलांना एक साधी गोष्ट करावयास सांगतो. काही वेळ कोणी बोलावयाचे नाही. तळ्याला एक पूर्ण फेरी चालत घालावयाची. सार्वजनिक रस्त्यावरून ताठ मानेने, रांगेत, कोणाच्या सावलीची भीती न बाळगता चालणे हीच त्या दिवशीची पहिली कृती होती. पाण्याला स्पर्श त्यानंतरचा. ज्यांना वाट सोडून चालावे लागे, त्यांनी त्या दिवशी गावाच्या मध्यभागातून वाट काढली. पायी फेरीचा खरा अर्थ आमच्या मुलांना या ठिकाणी उमगतो.

पाचवा थांबा : गल्ल्या आणि बंगला

पाणी पिऊन लोक परतले आणि दोनेक तासांत गावात अफवा उठली की, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून गेला. लोक जेवत होते, कोणी गावी परतण्याच्या तयारीत होते. त्यांना मारहाण झाली, अन्न मातीत मिसळले गेले. गल्ल्यांतून एकट्या-दुकट्याला गाठून मारण्यात आले. अनेकांनी मुसलमान बांधवांच्या घरांत आसरा घेतला. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयाने शिक्षाही ठोठावली.

बाबासाहेब सरकारी बंगल्यात उतरले होते. प्रतिकारासाठी हात शिवशिवत असलेली माणसे तेथे त्यांच्या एका शब्दाची वाट पाहत होती. त्यांत सैन्यात नोकरी केलेले गडीही होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. कायद्याच्या मार्गाने मिळविलेला हक्क दंगलीत बुडू द्यावयाचा नव्हता. हा संयम दुर्बळाचा नव्हता, हे विद्यार्थ्यांना समजणे फार अगत्याचे आहे.

दुसऱ्या दिवशी सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेले १०८ घडे ओतून तळे 'शुद्ध' केले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेनेही आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. पंधरा दिवसांच्या आत, ३ एप्रिल १९२७ रोजी, बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले होते. लढा आता लेखणीनेही लढला जाणार होता.

या गल्ल्यांत आज पाटी किंवा स्तंभ शोधीत बसू नये. कोणत्या घराने मारले आणि कोणत्या घराने दार उघडले, हे भिंती सांगत नाहीत. म्हणूनच हा भाग आम्ही सर्वांत सावकाश चालतो.

सहावा थांबा : क्रांतिस्तंभ

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. या वेळी गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. बाजारातून काही मिळणार नाही हे ओळखून शिधासामग्री बाहेरून आणली गेली. बाबासाहेब 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले, २५ डिसेंबरला दासगाव बंदरात उतरले आणि तेथून पाच मैल जनसमुदायासह पायी महाडला आले. त्या रात्री सहस्रबुद्धे यांच्या प्रस्तावाने आणि पां. ना. राजभोज यांच्या अनुमोदनाने मनुस्मृतीचे दहन झाले. त्या घटनेची साक्ष म्हणून आज क्रांतिस्तंभ उभा आहे. अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला. महाडच्या सभेला त्यांनी जगाच्या इतिहासात कोठे बसविले होते, हे त्यावरून कळते.

मात्र या वेळी तळ्याचे पाणी घेतले गेले नाही. विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. अंतिम निकाल लागेपर्यंत सत्याग्रह स्थगित झाला आणि लोक तळ्याभोवती मिरवणुकीने फिरून परतले. मनातील खळबळ आवरून हजारो माणसे पाण्याला न शिवता तळ्याच्या कडेने चालत गेली. ही फेरी मार्चमधील मिरवणुकीइतकीच मोठी आहे, असे आम्ही मानतो.

निकालापर्यंतची वाट

त्यानंतरचा प्रवास न्यायालयाचा. खालच्या न्यायालयांत निकाल बाजूने लागला. विरोधकांनी अपील केले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यासमोर ते अपील फेटाळले गेले. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे विरोधकांना सिद्ध करता आले नाही. ओंजळभर पाण्यापासून त्या निकालापर्यंत दहा वर्षांना तीन दिवस कमी, एवढा काळ गेला.

आता भारतीय संविधानाचा अनुच्छेद १५ उघडून त्याचा दुसरा खंड वाचावा. राज्याच्या निधीतून चालविलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक ठिकाणे यांच्या वापरापासून कोणालाही धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून रोखता येणार नाही, असे तो सांगतो. विहिरी, तळी, रस्ते हे शब्द तेथे कोठून आले, हे महाड चालून आलेल्या मुलाला सांगावे लागत नाही.

आपले काम

दर वर्षी २० मार्च आणि २५ डिसेंबर या दिवशी लाखो पावले महाडकडे वळतात. अभिवादन करून आपण परततो. परंतु तळे आणि स्तंभ यांच्या मधले गाव वाचावयाचे राहून जाते, आणि डोंगरातील लेणी तर बहुतेकांच्या वाटेवर येतच नाहीत. २०२७ हे सत्याग्रहाच्या शताब्दीचे वर्ष. त्या मिरवणुकीत चाललेल्या पिढीतील कोणी आज आपल्यात नाही. त्यांच्याकडून ऐकलेले ज्यांना आठवते, ती मंडळीही आता थकली आहेत. कोणाचे आजोबा दासगावपासून चालत आले होते, कोणाच्या पणजीने भाकऱ्या बांधून दिल्या होत्या, कोण कोणाच्या घरी लपले होते, हे सारे घराघरांतून लिहून घेतले पाहिजे. नाव, गाव, ऐकणाऱ्याचे नाते आणि ऐकल्याची तारीख यांसह लिहावे. इतिहासाला भावनेइतकीच नोंदीची गरज असते.

पालकांना आमची विनंती आहे की, महाडला जाताना मुलांना घेऊन जावे, गर्दीचा दिवस टाळून एकदा तरी जावे आणि वाहनातून उतरून चालावे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या धाकट्या भावंडांचे मार्गदर्शक व्हावे. लेण्यांत नावे कोरू नयेत, टाक्यांत कचरा टाकू नये. दान देणाऱ्याने पाण्याची नोंद दगडात केली आहे. आपण निदान ते पाणी स्वच्छ ठेवावे.

तळ्यावर पोहोचल्यावर मुलांना लगेच काही सांगू नये. त्यांना आधी फेरी घालू द्यावी. प्रश्न ती आपण होऊन विचारतील.

जय भीम! नमो बुद्धाय!