ओळख आणि वशिला : आपल्या मुलांच्या नोकरीविषयी काही विचार

गेल्या वर्षी आपल्या वसतिगृहाचा एक माजी विद्यार्थी आम्हाला भेटावयास आला. शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात त्याने अकरा वर्षे काम केले होते. हाताला उत्तम कसब, कामावर कधी ठपका नाही. कारखान्याने त्याचा विभाग बंद केला आणि त्याच्यावर घरी बसण्याची पाळी आली. "सर, अकरा वर्षांत माझे काम फक्त माझ्या सुपरवायझर साहेबांना माहीत होते, आणि तेच निवृत्त होऊन गावी गेले," असे तो म्हणाला. त्याच्याच बॅचच्या दुसऱ्या मुलाचे कामही त्याच वेळी सुटले होते. परंतु त्याला महिन्याच्या आत दुसरीकडे काम मिळाले. त्याचे गुण कमी होते, मात्र त्याचे काम ठाऊक असलेली माणसे चार ठिकाणी होती.

त्या रात्री आम्ही स्वतःलाच प्रश्न केला. आम्ही मुलांना गुणपत्रिका जपावयास शिकवले, जातीच्या दाखल्याची फाईल करावयास शिकवले, स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरावयास शिकवले. परंतु चार अनोळखी माणसांत उभे राहून आपला परिचय करून देणे शिकवले का?

वशिला म्हणजे काय, ओळख म्हणजे काय

'ओळख' हा शब्द आपल्या समाजाला कडू लागतो, आणि त्याला कारण आहे. पिढ्यान् पिढ्या नोकऱ्या वशिल्याने वाटल्या गेल्या आणि आपण त्या पंगतीच्या बाहेर राहिलो. म्हणून आपण परीक्षेवर आणि राखीव जागांवर विश्वास ठेवला. तो योग्यच होता. परंतु वशिला आणि ओळख यांत भेद आहे. वशिल्यात पात्रतेची जागा नाते घेते. ओळखीत पात्रतेची वार्ता योग्य माणसापर्यंत पोहोचते. पहिल्याचा आपण निषेध करावा, दुसरी मिळवावी.

इतिहासाचा दाखला

परमपूज्य बाबासाहेबांच्या विद्यार्थिजीवनाकडे या दृष्टीने पाहू. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमरावांची केळुसकर गुरुजींशी ओळख झाली. महाविद्यालयीन शिक्षण अडू लागले तेव्हा गुरुजींनीच त्यांची सयाजीराव गायकवाडांशी भेट घडवून आणली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१६ साली ते न्यूयॉर्कहून लंडनला निघाले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी शिफारसपत्र दिले. कोलंबियाच्या वसतिगृहात सोबत राहिलेले नवल भथेना हे पारशी मित्र १९२० साली अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी कर्ज देण्यास पुढे आले. राजर्षी शाहू महाराजांनीही साहाय्य केले.

यांपैकी एकही ओळख रक्ताच्या नात्याची नव्हती. प्रत्येकीच्या मागे आधी केलेला अभ्यास उभा होता. तरीही इतिहासाचा विद्यार्थी म्हणून दुसरी बाजू सांगणे आम्हास भाग आहे. १९१७ साली एवढी विद्वत्ता आणि खुद्द महाराजांचा आश्रय असूनही बडोद्यात बाबासाहेबांना राहावयास जागा मिळाली नाही. जात कळताच पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. ओळख दार उघडते, आतल्या माणसांची मने ती उघडीलच असे नाही. म्हणूनच व्यक्तीच्या प्रयत्नाबरोबर संघटन आणि कायदा यांची गरज उरते. बाबासाहेबांनी १९५० साली आपल्या शहरात महाविद्यालय उभारले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले, त्यामागे हेच भान होते. ज्यांच्या घरात कोणी शिकलेले नाही, त्यांच्यासाठी संस्था हीच पहिली ओळख असते.

आजचे वास्तव

आज खासगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि कंत्राटी कामाला शाश्वती नाही. मिलिंदचेच माजी विद्यार्थी डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासह केलेले संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. खासगी नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठवले असता, दलित आडनावाच्या अर्जदारास पुढे बोलावले जाण्याची शक्यता कमी आढळली. कागद एकटाच जातो तेव्हा त्याच्या आधी आडनाव वाचले जाते. सोबत 'मी याचे काम पाहिले आहे' असे सांगणारा कोणी असेल, तर काम वाचले जाण्याचा संभव वाढतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलेला विचारही उपयुक्त आहे. जवळच्या मित्रांना आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते. नव्या नोकरीची बातमी बहुधा क्वचित भेटणाऱ्या, दूरच्या परिचिताकडून येते. आपली मुले मात्र आपल्याच वस्तीत, आपल्याच चार मित्रांत राहतात.

काय करावे

विद्यार्थ्यांनी आपण काय शिकलो, काय करून दाखवले आणि काय शोधतो आहोत, हे तीन वाक्यांत सांगण्याचा सराव करावा. केलेल्या कामाची छायाचित्रे, प्रमाणपत्रे आणि नोंदी एका जागी ठेवाव्यात. लिंक्डइनवर खाते उघडावे आणि जे येते तेवढेच लिहावे. सम्यक वाचा तेथेही लागू आहे. परिचितांकडे थेट नोकरी मागू नये, माहिती व सल्ला मागावा. आणि पुढे काय झाले ते आवर्जून कळवावे. नोकरी असतानाच ओळखी जपाव्यात, सुटल्यावर नव्हे.

आडनाव लपवावे का, असे काही मुले विचारतात. त्यांची भीती खोटी नाही आणि ज्याला पोट भरावयाचे आहे त्याला आम्ही दोष देणार नाही. तरी आमचे मत असे की, लपवलेले नाव आयुष्यभर सांभाळावे लागते. कमावलेले नाव आपल्याला सांभाळते.

पालकांनी मुलांना कार्यक्रमांत, ग्रंथालयांत, कार्यशाळांत मोकळेपणाने जाऊ द्यावे. माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे अधिक आहे. वर्षातून एका मुलाचा अर्ज तपासा, एकाची सराव मुलाखत घ्या, आलेल्या एका फोनला उत्तर द्या. ज्याचे काम पाहिले नाही त्याची शिफारस करू नका. ज्याचे पाहिले आहे त्याच्याविषयी गप्प राहू नका.

कल्याणमित्राची संगत हे अर्धे श्रेष्ठ जीवन होय, असे आनंद म्हणाले, तेव्हा ते अर्धे नसून संपूर्ण होय, असे तथागतांनी त्यांना सांगितले. आमचा तो माजी विद्यार्थी अद्याप काम शोधतो आहे. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कोणी त्याच्या कसबाची माणसे शोधत असेल, तर विद्यालयाच्या कार्यालयात निरोप ठेवावा.

जय भीम.